सूज ही शत्रू नव्हे : डॉ. वाल्देमार हाफकिन यांची जीवनकथा



चरित्राकडे वळण्यापूर्वी आपल्या दुधनीतल्या घराघरांतून घडणारा एक प्रसंग सांगतो. बाळाला सकाळी दवाखान्यात नेऊन मांडीत लस टोचून आणलेली असते. संध्याकाळपर्यंत ती जागा लाल होते, हात लावला तर गरम लागते, थोडी सुजते. बाळ मांडी हलवू देत नाही. रात्री अंगात तापही चढतो. मग दादी कुरकुरते की, चांगल्या हसत्याखेळत्या पोराला सुई टोचून आजारी करून आणले. नानी हळद-चुन्याचा लेप खलायला घेते. आणि रात्रभर जागलेली अम्मी मनाशी ठरवून टाकते की, पुढच्या डोसाला म्हणून जायचे नाही.

हा प्रसंग माझ्या स्वतःच्या घरी घडला. सर्वांनी माझ्याकडे पाहिले, कारण मी शिकलेला, शाळेत शिकवणारा. परंतु मांडी का सुजली याचे समाधानकारक उत्तर मला त्या रात्री देता आले नाही, याची खंत मनात राहिली. पुढे पुस्तके चाळताना ते उत्तर मला एका थोर माणसाच्या चरित्रात सापडले. मुंबईत परळला ज्यांच्या नावाची संस्था आहे, ते हे डॉ. वाल्देमार हाफकिन. नर्सिंगच्या अभ्यासक्रमाला गेलेल्या आपल्या मुलामुलींनी हे चरित्र विशेष लक्षपूर्वक वाचावे, कारण परिचारिकेने पहिल्या वर्षापासून शिकायची दाहाची क्रिया, ज्याला आपण इन्फ्लमेशन म्हणतो, ती या चरित्रात पानोपानी भेटते.

हाफकिन यांचा जन्म १८६० साली काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसा तेव्हा रशियन साम्राज्यात होते. परिस्थिती बेताची होती, पण मुलगा बुद्धिमान निघाला. ओडेसाच्या विद्यापीठात त्याला इल्या मेचनिकॉफ नावाचे प्राणिशास्त्राचे गुरू लाभले. या गुरुजींचा एक प्रयोग समजून घेतल्याशिवाय शिष्याचे कार्य समजणार नाही.

१८८२ साली मेचनिकॉफ इटलीतील मेसिना या गावी समुद्रकाठी राहत होते. तारामाशाची पिल्ले काचेसारखी पारदर्शक असतात, त्यामुळे त्यांच्या शरीराच्या आत काय चालले आहे ते सूक्ष्मदर्शकातून दिसते. मेचनिकॉफ यांनी अशा पिल्लांच्या कातडीखाली गुलाबाचे बारीक काटे खुपसून ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा घोळका जमलेला! मेचनिकॉफ यांनी ताडले की, या पेशी परक्या वस्तूला घेरून खाऊन टाकू पाहत आहेत. त्यांना भक्षक पेशी असे नाव मिळाले. आपल्या पायात बाभळीचा काटा मोडला की दुसऱ्या दिवशी तिथे ठणका लागतो आणि पू धरतो, त्याचे मूळ हेच. तोवर अनेक विद्वान दाह म्हणजे निव्वळ बिघाड समजत असत. मेचनिकॉफ यांनी दाखवले की ती शरीराने केलेली संरक्षणाची खटपट आहे. या कार्याबद्दल त्यांना १९०८ साली पॉल एर्लिख यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

अशा गुरूच्या हाताखाली हाफकिन तयार झाले. परंतु ज्यू असल्यामुळे प्राध्यापकीची दारे त्यांना बंद होती. धर्म बदलला असता तर ती उघडली असती, पण त्यांनी तसे केले नाही. शिवाय झारशाहीविरुद्ध चळवळ करणाऱ्या विद्यार्थ्यांत मिसळल्यामुळे त्यांना अटकही सोसावी लागली. अखेर १८८८ साली त्यांनी मायदेश सोडला आणि पुढच्या वर्षी ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आले. गुरू मेचनिकॉफ आधीच तिथे पोहोचले होते. शिष्याला मात्र जागा मिळाली ती ग्रंथालयातील साहाय्यकाची! कमीपणा न मानता त्यांनी ती पत्करली आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत काम चालू ठेवले. विद्यार्थ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

त्या काळी पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, गावेच्या गावे ओस पडत. हाफकिन यांनी पटकीची लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांना ताप आला, टोचलेल्या जागी दुखले, आणि काही दिवसांत ते ठणठणीत बरे झाले. १८९३ साली ते हिंदुस्थानात आले. पुढच्या वर्षी कलकत्त्याच्या एका वस्तीत पटकी शिरली असता तिथल्या सुमारे दोनशे रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर वस्तीत आणखी १० जणांना पटकी झाली आणि ७ दगावले. हे सर्व लस न घेतलेल्यांपैकी होते. दोन-सव्वादोन वर्षांत त्यांनी देशभर फिरून सुमारे ४२ हजार लोकांना लस टोचली.

एवढ्यात मुंबईवर प्लेगचे संकट कोसळले. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी हा रोग प्रथम ओळखला. लोक घरेदारे सोडून पळत सुटले आणि रेल्वेच्या रुळांवरून प्लेगही त्यांच्यासोबत गावोगावी पोहोचला. मुंबईहून सोलापूरमार्गे वाडी-रायचूरकडे जाणाऱ्या ज्या लोहमार्गावर आपले दुधनी स्टेशन आहे, तोही याच धावपळीचा साक्षी. प्लेग आला की गाव सोडून रानात झोपड्या घालून राहायचे, हे आपल्या भागातील बुजुर्गांनी आपल्या वाडवडिलांकडून ऐकलेले आहे. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांनी १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला.

सरकारने हाफकिन यांना मुंबईला पाठवले. ऑक्टोबर १८९६ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना मिळाली एक खोली आणि एक व्हरांडा, मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर त्यांनी अहोरात्र काम केले. मांसाच्या रश्शात प्लेगचे जंतू वाढवायचे, पुढे ते उष्णतेने मारायचे आणि त्यात कार्बोलिक आम्ल घालून बाटल्या भरायच्या, अशी ही रीत. रस्सा बकऱ्याच्या मांसाचा केला जाई आणि त्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले जात. गाय किंवा डुक्कर यांचा संबंध येऊ दिला नाही, म्हणजे हिंदू वा मुसलमान कोणाच्याच मनाला खटकू नये. परदेशातून आलेल्या माणसाने आपल्या लोकांच्या भावनांची ही केवढी बूज राखली!

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही नवी लस प्रथम स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. मात्रा होती १० घन सेंटिमीटर, म्हणजे नंतर लोकांना दिल्या गेलेल्या मात्रेच्या सुमारे तिप्पट. काही तासांतच टोचलेली जागा दुखू लागली आणि ताप चढला. त्या रात्री त्यांच्या शरीरात काय घडले असेल? पालकहो, तुमच्या बाळाच्या मांडीत जे घडते, नेमके तेच. आजच्या शास्त्राच्या आधारे ते क्रमाने पाहू.

सुई त्वचा भेदून आत जाते आणि मेलेल्या जंतूंचे अंश तिथे पडतात. तिथल्या मांसल भागात मास्ट पेशी आणि मोठ्या भक्षक पेशी पहारेकऱ्यासारख्या बसलेल्या असतात. परके काही दिसताच मास्ट पेशी हिस्टामाइन नावाचे द्रव्य सोडतात. त्यामुळे जवळच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात आणि तिथे जास्त रक्त येते. जास्त रक्त आले म्हणून जागा लाल होते, आणि शरीराच्या आतल्या भागातले ऊबदार रक्त आले म्हणून ती गरम लागते.

याच वेळी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील पेशींमध्ये फटी पडतात. पाटाचे दार उघडले की पाणी जसे वाफ्यात पसरते, तसा रक्तातला पातळ द्रव बाहेर पाझरतो. हीच सूज. या पाण्यासोबत जंतूंशी लढणारी उपयुक्त प्रथिनेही त्या जागी पोहोचतात. सुजेच्या दाबाने, तसेच ब्रॅडिकायनिन आणि प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांमुळे तिथल्या मज्जातंतूंची टोके चेतवली जातात, म्हणून वेदना होते. वेदना होते म्हणून बाळ पाय हलवत नाही आणि दुखऱ्या भागाला आपोआप विश्रांती मिळते. लाली, उष्णता, सूज आणि वेदना ही चार लक्षणे सेल्सस या रोमन ग्रंथकाराने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी नोंदवली. त्या भागाचे काम मंदावणे हे पाचवे लक्षण पुढे जोडले गेले. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना ही पाच लक्षणे झोपेतून उठवून विचारली तरी सांगता आली पाहिजेत.

आता पांढऱ्या पेशींची कुमक येते. रक्तात वेगाने वाहणारी पांढरी पेशी दाहाच्या जागेजवळ आली की, स्टेशनात शिरणाऱ्या गाडीसारखी मंदावते. वाहिनीच्या भिंतीला घासत ती हळूहळू घरंगळते, मग चिकटून थांबते आणि अखेर भिंतीतल्या फटीतून अंग चोरून बाहेर उतरते. १८६७ साली कोनहाइम या जर्मन शास्त्रज्ञाने बेडकाच्या शरीरात हा प्रवास सूक्ष्मदर्शकाखाली पाहून वर्णन केला होता. प्रथम येतात त्या न्यूट्रोफिल पेशी. त्या जंतूंना गिळतात आणि थोड्याच काळात स्वतःही मरतात. जंतूंचा जोर असेल तर अशा असंख्य मेलेल्या पेशींचा साठा होतो. त्यालाच आपण पू म्हणतो. त्यामागून मोठ्या भक्षक पेशी येतात, त्या रणभूमी झाडून स्वच्छ करतात आणि दुरुस्तीला सुरुवात होते.

मग अंगात ताप का? लढणाऱ्या पेशी रक्तात काही संदेशद्रव्ये सोडतात. ती मेंदूतील तापमान सांभाळणाऱ्या केंद्रापर्यंत निरोप पोहोचवतात आणि ते केंद्र शरीराचे ठरलेले तापमान वाढवते. तापमान वर चढत असताना थंडी वाजते. म्हणून हुडहुडी भरलेल्या रुग्णाचा ताप अजून चढतो आहे, हे परिचारिकेने ओळखून थोड्या वेळाने पुन्हा थर्मामीटर लावावा. इकडे जंतूंचे तुकडे जवळच्या लसिका ग्रंथींत नेले जातात. तिथल्या पेशी शत्रूचा चेहरा ओळखायला शिकतात, एक-दोन आठवड्यांत प्रतिद्रव्ये तयार करतात आणि त्याची आठवण जपून ठेवतात. पुढचा डोस ही आठवण पक्की करतो. तो चुकवला तर शिकवलेला धडा कच्चा राहतो.

आणि खरा प्लेग झाला तर? प्लेगचा जंतू मोठा कावेबाज. पिसवेच्या चाव्यातून आत शिरल्यावर तो भक्षक पेशींना निकामी करतो आणि सुरुवातीची हाकाटी दाबून ठेवतो. चाव्याच्या जागी फारसे काही दिसत नाही. चोरपावलांनी तो जांघेतल्या किंवा काखेतल्या लसिका ग्रंथीत पोहोचून बेसुमार वाढतो. मग ती ग्रंथी भयंकर सुजते. प्लेगची गाठ म्हणतात ती हीच, पण तोवर उशीर झालेला असतो. शरीराने वेळेवर केलेला गोंगाट हिताचा असतो, आणि लस हा गोंगाट धोक्याशिवाय आधीच करवून घेते.

जानेवारी १८९७ च्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जवळजवळ निम्म्या कैद्यांनी स्वखुशीने लस घेतली. त्यानंतर लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि ६ मेले. लस घेतलेल्यांपैकी दोघांनाच झाला आणि कोणी दगावले नाही.

तरीही लोकांच्या मनात भय होते, आणि त्याला कारणही होते. १८९७ च्या साथीच्या रोगांच्या कायद्याखाली अधिकारी घरात घुसत, बायामाणसांची तपासणी करत, रुग्णांना ओढून नेत. मार्च १८९८ मध्ये मुंबईत मदनपुऱ्याच्या मोमीन विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगल उसळली. सक्तीने विश्वास मिळत नाही, हेच यातून दिसले. हाफकिन यांची लस मात्र ऐच्छिक होती. विश्वास मिळवण्याच्या कामी त्यांना मोलाची मदत झाली ती खोजा इस्माइली समाजाचे तरुण इमाम सर सुलतान मुहम्मद शाह आगाखान यांची. त्यांनी प्रयोगशाळेसाठी आपला खुश्रू लॉज हा बंगला दिला आणि अनुयायांसमोर स्वतःला एकदा नव्हे, अनेकदा लस टोचून घेतली. तेव्हा त्यांचे वय विशीच्या आसपास होते. हजारो लोक त्यांच्यामागून पुढे आले. १८९९ साली प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये हलवण्यात आली. ती आजही तिथेच आहे.

कीर्तीच्या शिखरावर असतानाच घाला पडला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावी १०७ जणांना पाच बाटल्यांतून लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले. चौकशी समितीने दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिन यांना कामावरून दूर व्हावे लागले. वास्तविक बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो ज्योतीवर नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला होता. धनुर्वाताचे बीज मातीत असते. बाटली आधीच दूषित असती तर उघडताना तिला घाण वास आला असता, तसा वास आला नव्हता. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या नामवंतांनी हा अन्याय जाहीरपणे मांडला, आणि १९०७ साली, पाच वर्षांनी, हाफकिन निर्दोष ठरले.

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनी या प्रसंगातून दोन धडे घ्यावेत. पडलेला चिमटा उचलून पुसून वापरणे ही क्षुल्लक चूक नव्हे, तिने १९ जीव घेतले. दुसरे असे की, धनुर्वाताची जखम पुष्कळदा अगदी साधी दिसते. सूज नाही, पू नाही, पण तिथे तयार झालेले विष मज्जातंतूंतून चढत जाते. म्हणून सूज आली म्हणजे संकट आणि सूज नाही म्हणजे सुरक्षित, हा हिशेब चुकीचा आहे. मधुमेहाच्या रुग्णाच्या पायाची जखम दुखत नाही म्हणून दुर्लक्षित राहते आणि चिघळते. वृद्ध माणसाला गंभीर जंतुसंसर्ग होऊनही ताप येत नाही. अशा रुग्णांची नाडी, श्वास, रक्तदाब आणि शुद्ध यांकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

दाहाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. काम झाल्यावर दाह शमला पाहिजे. तो न शमता महिनोन्‌महिने चालू राहिला तर संधिवातासारख्या रोगात सांधे झिजवतो. आणि एका जागेपुरता राहण्याऐवजी जंतुसंसर्गामुळे सर्व शरीरभर भडकला तर रक्तदाब कोसळून प्राणावर बेतते. चुलीतला विस्तव भाकरी भाजतो, तोच छपराला लागला तर घर जाळतो.

निर्दोष ठरल्यावर हाफकिन पुन्हा कलकत्त्यास आले, पण पूर्वीचे मोठे काम त्यांच्या हाती परत आले नाही. १९१५ च्या सुमारास ते निवृत्त होऊन युरोपात परतले. मनात कटुता असती तरी कोणी त्यांना बोल लावला नसता. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. तोवर १८९७ पासून मुंबईहून प्लेगच्या लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा रवाना झाल्या होत्या. आजन्म अविवाहित राहिलेले हे संशोधक १९३० साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे निवर्तले. आज प्लेगवर प्रतिजैविक औषधे आहेत आणि ती जुनी लस मागे पडली आहे. परंतु पोलिओचे थेंब आणि सर्पदंशावरील लस यांमुळे हाफकिन हे नाव महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोहोचले आहे.

पालकहो, आता पुन्हा त्या बाळाच्या मांडीकडे येऊ. लस टोचल्यावर जागा थोडी लाल झाली, सुजली, हलका ताप आला, तर समजा की शरीर धडा गिरवत आहे. स्वच्छ, गार पाण्यात भिजवून पिळलेले फडके ठेवावे, बाळाला अंगावर पाजत राहावे, तापाचे औषध परिचारिकेने सांगितलेल्या मापाने द्यावे. चुना, लेप, शेक काही करू नये, आणि डाग तर मुळीच देऊ नये. दोन-तीन दिवसांत हे ओसरते. मात्र लाली पसरत चालली, पू धरला, ताप उतरेना, बाळ सुस्त पडले, पिईनासे झाले, झटके आले किंवा श्वासाला त्रास होऊ लागला, तर घरी न थांबता लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

आमच्या घरी पुढच्या डोसाची तारीख आली तेव्हा मी सर्वांना बसवून हे सर्व सांगितले. दादीने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि एवढेच विचारले की, त्या साहेबाने आधी स्वतःला टोचून घेतले हे खरे का. मी हो म्हणालो. त्या दिवशी बाळाला दवाखान्यात घेऊन दादीच पुढे निघाली.